नळ बसवलासा, मोरी कुठाय?



वारणानगरात बोलायला उभं राहायचं आणि विषय काढायचा बाहुलीच्या घरातल्या नळाचा, म्हणजे पहिल्या रांगेतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर आत्ता जे दिसतंय ते दिसणारच. ऊस, दूध, सहकार असे भारी विषय सोडून हे काय काढलं? थोडा दम धरा. खेळण्यातलं पाणी ही वाटते तितकी पोरकट गोष्ट नाही. आपण पाण्याकडे कसं बघतो, हे मोठ्या योजनेच्या फलकावर कळत नाही, पण मुलांच्या खेळात लगेच कळतं. तेव्हा आज आपण तीन खेळण्यांची समीक्षा करू. एक आमच्या घरचं, एक इंग्लंडच्या राणीचं आणि एक तुमच्या-आमच्या अंगणातलं.

आधी घरचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भाचीनं टीव्हीच्या खोक्याचं घर केलं होतं. दोन खोल्या, जिना, काड्यापेटीची कपाटं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "बाहुली आंघोळ कुठं करणार?" झालं. आम्ही मोठी माणसं हातातली कामं टाकून जमिनीवर बसलो. औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणला. (नवाच आणायचा बरं का, वापरलेला नाही आणि सुई तर नाहीच.) अर्ध्या लिटरची बाटली कपाटाच्या मुठीला टांगली. नळी भिंतीच्या मागून आत घेतली. तोटीच्या जागी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा. सेटवरचं चाक फिरवलं की नळ चालू, फिरवलं की बंद. पाणी आलं आणि घरात जो जल्लोष झाला म्हणता!

दोन मिनिटं गेली. खोक्याची जमीन सादळली, भिंत वाकली आणि बाहुलीसकट न्हाणीघर खालच्या खोलीत आलं. आमची आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "नळ बसवलासा, मोरी कुठाय?"

आज जे सांगायचं ते या एका वाक्यात आहे. आम्ही फक्त त्याचा विस्तार करणार आहोत.

आता राणीचं घर. ब्रिटनच्या क्वीन मेरीसाठी बांधलेलं बाहुलीघर १९२४ साली पुरं झालं. वास्तुकार एडविन लुट्येन्स, म्हणजे त्याच काळात नवी दिल्ली बांधत असलेले तेच ते. माप एकास बारा. खऱ्या घरात जिथं एक फूट, तिथं या घरात एक इंच. विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळाला गरम आणि गार पाणी येतं, संडासाचा फ्लश चालतो. त्या वर्षी वेम्ब्लीच्या प्रदर्शनात ते लोकांना दाखवलं, आता ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. कारागिरी म्हणून त्याला तोड नाही, हे मोकळेपणानं म्हणू. पण त्याचं कौतुक कसं होतं बघा. "नळाला खरंच पाणी येतं!" बस्स. पाणी येतं यातच सगळी जादू. ते कुठून आलं, कुठं गेलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण नळ्या नजरेआड ठेवणं हीच या कलेतली कमाल मानली जाते. मोठ्या वाड्याची ती हुबेहूब नक्कल आहे. मोठ्या वाड्यातही पाणी आणणारे हात आणि घाण नेणारे हात पाहुण्यांना दिसू नयेत अशीच सोय असायची.

आणि गंमत सांगू? सगळं लहान करता येतं, पाणी लहान करता येत नाही. खुर्ची बारा पटीनं लहान होते, थेंब होत नाही. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब साधारण पाच मिलिमीटरचा. बाहुलीच्या मापानं बघितलं तर तो सहा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे तिच्या नळातून थेंब नव्हे, लिंबं पडतात! झाकणाएवढ्या बेसिनमध्ये पाणी पसरत नाही, फुगवटा धरून बसतं. खाली बारीक भोक पाडलं तरी त्यातून जात नाही, पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. नळीत हवा धरली तर पाणी अडतं, हे शेतातल्या पाइपलाइनसारखंच. म्हणून बाहुलीच्या घरात नळ आणणं सोपं आणि मोरी वाहती करणं अवघड. आमचं खोकं पडलं ते योगायोगानं नाही.

पण मापाचा हिशोब एका बाबतीत आपल्या बाजूनं आहे. लांबी बारा पटीनं कमी झाली की आकारमान बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पटीनं कमी होतं. आता सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. १,७२८ नं गुणा. ८६४ लिटर. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीच्या जवळपास! कुणी ठरवून केलेलं नाही, पण ती बाटली बाहुलीच्या घराची बरोबर मापाची टाकी आहे.

आणखी पुढं जाऊ. जलजीवन मिशन २०१९ साली जाहीर झालं, त्याचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५. बाहुलीच्या घरात ते होतं सुमारे १६० मिलिलिटर. एवढंच पाणी सकाळी बाटलीत घाला आणि मुलीला सांगा, आज पाच जणांचं घर यावर चालव. आंघोळ, भांडी, धुणं, सगळं. दुपारपर्यंत तिला जे कळेल ते आमच्या दहा व्याख्यानांनी कळणार नाही. आणि पुरवलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं योजना आखताना धरतात. म्हणजे संध्याकाळी तिच्या मोरीतून सव्वाशे मिलिलिटर पाणी कुठंतरी गेलं पाहिजे. कुठं? विंडसरचं घर हा प्रश्न पडू देत नाही. आमच्या खोक्यानं पाडला, तोंडावर पडून का होईना.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं विलायती. आपल्याकडं बाहुलीघर नव्हतंच, आपल्याकडं भातुकली. बरोबर. तर भातुकलीत पाणी कसं आहे ते बघा. हंडा आहे, कळशी आहे, घंगाळ, तांब्या-पंचपात्री आहे. पाणी तापवायचा पितळी बंब आहे आणि बंबाला तोटी. आपल्या खेळण्यातला पहिला नळ म्हणाल तर ती बंबाची तोटी! पण भातुकलीत पाणी आपोआप येत नाही. मुलगी उठते, माठातलं भांडंभर आणते, बोटाएवढ्या हंड्यात ओतते. आणणं हा खेळाचाच भाग. त्यात एक कडू गोष्टही आहे. खेळता खेळता मुलीला शिकवलं जात होतं की पाणी आणायचं तूच. नळाचं स्वप्न म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डोक्यावरचा हंडा उतरतो तेव्हा घरातल्या बाईचा दिवस बदलतो. आमचा राग नळावर नाहीच. अर्ध्यावर थांबण्यावर आहे.

आता तिसरं खेळणं, दिवाळीतला किल्ला. दगड, माती, पोतं, वर पेरलेलं हळीव, मावळे, माथ्यावर महाराज. आणि अलीकडं जवळजवळ प्रत्येक किल्ल्यावर कारंजं. पूर्वी ते सलाइनच्या नळीचं असायचं. बाटली खिडकीत टांगायची आणि नळी मातीखालून न्यायची. आता पाण्यात बुडणारा छोटा पंप मिळतो, वायर जोडली की झालं.

आमचं म्हणणं असं की सलाइनचं कारंजं पंपाच्या कारंज्यापेक्षा श्रेष्ठ. जुनं म्हणून नव्हे. सलाइनच्या कारंज्यात मुलाला उंची दिसते. बाटली वर केली, धार उंच. खाली आणली, धार मेली. बाटलीतल्या पाण्याच्या पातळीवर धार कधीच जात नाही. पाण्याचा सगळ्यात जुना नियम त्या पोराच्या हातात असतो. शनिवारवाड्याचं हजारी कारंजं घ्या. पेशव्यांच्या काळात वाड्याला पाणी कात्रजच्या तळ्यातून नळानं, नुसत्या उतारावर येत होतं. म्हणजे कारंजं हा लांबच्या एका उंच तळ्याचा पुरावा असतो. पंपाच्या कारंज्यात तळंच नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, आणि दिवाळी संपेपर्यंत मुलाला वाटतं की पाणी हे बटणातून येतं.

पण किल्ल्याची खरी चूक याहून मोठी आहे. कारंजं आहे, टाकं नाही! वारणानगर पन्हाळा तालुक्यातच येतं. पन्हाळ्यावर जाऊन या. तलाव आहेत, विहिरी आहेत, तीन मजली अंधारबाव आहे. तळाशी पाणी आणि वर माणसांना राहायला जागा. एक विहीर राखायला अख्खी इमारत! १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज सुमारे चार महिने या गडावर होते. तो काळ काय कारंज्यावर निघाला असेल? आणि याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. त्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात पाण्याचा विचार किती बारकाईनं केलाय! गड बांधण्याआधी पाणी बघा. नसेल आणि गड बांधणं भागच असेल, तर खडक फोडून टाकी, तळी करा. एका झऱ्यावर भरवसा टाकू नका, तोफांच्या दणक्यानं झरा आटू शकतो. शिल्लक पाणी राखून ठेवा. तीनशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण इथून काही मैलांवर विश्रांती घेतंय, आणि आमच्या मातीच्या किल्ल्यावर एक टाकं नाही.

पंपाचा आम्हाला राग आहे असंही समजू नका. हा सगळा वारणा खोऱ्याचा हिरवा पट्टा उपशाच्या पाण्यावर उभा आहे. नदीकाठची जॅकवेल, फूटव्हॉल्व्ह, चढावर गेलेली पाइपलाइन, पाण्याची पाळी, हे तुमच्या घरातले शब्द आहेत. मग किल्ल्याच्या पायथ्याशी जॅकवेल का दिसत नाही? पंप लपवू नका, दाखवा. खाली नदी करा, तिथं जॅकवेल बांधा, वर टाक्यात पाणी चढवा, टाक्यातून कारंजं उडवा. मग तो पंप काय करतो हे पोराला कळेल.

आणि शेवटी पुन्हा मोरी. कारंज्याचं पाणी चार दिवस बुरुजाच्या मुळाशी मुरतं आणि पाचव्या दिवशी बुरूज ढासळतो. मुलं म्हणतात, माती वाईट होती. माती कशाला वाईट असेल? पाण्याला वाट नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपण पंचगंगेकाठी, वारणेकाठी काय बघितलं? पुरामागं पावसाचं, धरणाचं, नदीच्या वळणांचं पुष्कळ काही असतं, सगळं एका वाक्यात बसवणार नाही. पण ओढ्यात भर टाकून, पाण्याच्या वाटेवर बांधकाम करून आपण वर हात झटकतो, हे तर डोळ्यांसमोर आहे. पूर नसतानाही गावोगाव नळ आलेत आणि गटार नाही. मग ते सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे खऱ्या घराचं रोजचं २२० लिटर, रस्त्यावर येतं, डबक्यात साचतं, नाहीतर तसंच नदीत जातं. नळ बसवलासा, मोरी कुठाय?

काही जण म्हणतील, अहो, खेळ आहे तो, पोरांना खेळू दे, तिथंही धडा कशाला? आक्षेप रास्त आहे. धडा नकोच. पण मोरी केल्यानं खेळ कमी होत नाही, वाढतो. नळ दोन मिनिटांची मजा आहे. पाणी घालवायचं कसं, ही चार दिवसांची.

आमच्या भाचीनं दुसरं घर केलं तेव्हाचं सांगतो. या वेळी जमिनीवर प्लास्टिकचा कागद, त्याला मोरीकडं उतार. बेसिनच्या भोकातून पाणी जाईना, तेव्हा आईनं पणतीच्या वातीसारखा सुताचा दोरा त्यातून ओवून दिला. दोऱ्याला धरून पाणी सुरळीत खाली उतरलं. पृष्ठताण हा शब्द आईला माहीत नाही, वात माहीत आहे. पाणी मागच्या बाजूला वाटीत साठायला लागलं. वाटी भरली की काय करायचं? भाचीनं विचार केला आणि मोरीच्या तोंडाशी मातीची ताटली ठेवून मेथ्या पेरल्या. आपल्या परड्यात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ असायची, ती तिनं आजोळी बघितली होती. आठवड्यात बाहुलीच्या घरामागं मेथी उगवली. या घराला आमच्या समीक्षेत विंडसरपेक्षा जास्त गुण आहेत, आणि ते भाची म्हणून दिलेले नाहीत.

तर इथं किल्ला स्पर्धांचे परीक्षक बसले असतील, त्यांना एकच मागणं. या दिवाळीत कारंज्याला गुण द्या, पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून आलं? कुठं साठवलं? कुठं जाणार? तिन्हींची उत्तरं बोट दाखवून देणाऱ्या पोराला पहिला नंबर द्या, त्याचा बुरूज वाकडा असला तरी. ही पोरं उद्या ग्रामपंचायतीत बसतील. नळाच्या उद्घाटनाला नारळ फोडताना त्यातल्या एकानं जरी गटाराचा नकाशा मागितला, तरी आमच्या पडलेल्या खोक्याचं सोनं झालं.

इथं थांबतो.