भिंतीवरचे अक्षर आणि त्याचा वाचक

आम्ही उर्दू शाळेत मुलांना खुशखती शिकवतो. अक्षर सुंदर हवे, पण आधी ते वाचता आले पाहिजे, हा आमचा फळ्यावरचा नियम. एल सीद या भित्तिचित्रकाराने तोच मोडला आहे. म्हणून त्याच्या कामाकडे आम्ही सुरुवातीला संशयानेच पाहिले.

एल सीद 1981 साली फ्रान्समध्ये ट्युनिशियन आईवडिलांच्या पोटी जन्मला. घरात ट्युनिशियाची बोली होती, पण अरबी लिहायला-वाचायला तो मोठेपणीच शिकला. पुढे रस्त्यावरची ग्राफिटी आणि अरबी खत्ताती यांचा त्याने मेळ घातला. 2012 मध्ये ट्युनिशियातील गाबेस शहरात जारा मशिदीचा मिनार त्याने रंगवला. 1994 पासून तो नुसत्या करड्या काँक्रीटचा उभा होता. त्यावर त्याने सूरह हुजुरातची 13वी आयत लिहिली. कौमा आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, असे सांगणारी. कला आणि मजहब यांवरून त्या देशात वाद पेटलेले असताना इमामसाहेबांनी या कामाला साथ दिली, याचे मोल आम्हांला मिनाराइतकेच वाटते.

2016 मध्ये त्याने कैरोच्या मनशियत नासिर भागात काम केले. शहराचा कचरा वेचून निवडणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची ही वस्ती. सुमारे 50 इमारतींवर पसरलेल्या या एकाच चित्राचे नाव 'परसेप्शन'. मशिदीवर आयत लिहिणाऱ्या हाताने इथे संत अथानेशियस यांचे वचन लिहिले: ऊन स्वच्छ पाहायचे तर आधी डोळे पुसावेत, अशा आशयाचे. ज्यांना लोक 'कचरेवाले' म्हणून हिणवतात, त्यांच्या भिंतीवर हे शब्द शोभेचे राहत नाहीत. ते पाहणाऱ्याला जाब विचारतात.

तरी आमची एक तक्रार आहे. पूर्ण चित्र दिसते मुकत्तम टेकडीवरून. वस्तीत राहणाऱ्याच्या वाट्याला आपल्या भिंतीवरचा एखादा फराटाच येतो. शिवाय अक्षरे इतकी गुंतलेली, की अरबी जाणणाराही अडखळतो. अर्थ कळण्याआधी आकार मनाला भिडतो, ही कलावंताची भूमिका आम्हांला पूर्ण पटत नाही. लिपी नुसती नक्षी झाली, की वाचक घटल्याचे ध्यानात येत नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकेवरच्या आणि तुघऱ्यातल्या उर्दूचे तेच झाले आहे. तिला मान सगळे देतात, वाचतात थोडे.

मध्यंतरी आम्ही जारा मिनाराचे छायाचित्र सातवीच्या वर्गात दाखवले. मुले आधी गोंधळली. मग एकजण उठला, बोट फिरवत म्हणाला, "सर, हा लाम आहे." तास संपेपर्यंत वर्ग अक्षरे शोधत होता.

आमची तक्रार कायम आहे. पण ते छायाचित्र आम्ही वर्गातून काढलेले नाही.