अपुऱ्या मतदानाचा प्रश्न आणि लाइपहार्ट यांची मीमांसा

मतदान कमी होणे हा लोकशाहीचा दोष मानावयाचा की नाही, ह्या प्रश्नाला आरेन्ड लाइपहार्ट यांनी निःसंदिग्ध होकारार्थी उत्तर दिले आहे. अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या व 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानाचा मुख्य सिद्धान्त असा की, मतदान घटले म्हणजे ते विषमही होते. मतदानास न येणारे लोक प्रामुख्याने गरीब व अल्पशिक्षित असतात; साहजिकच शासनाचे लक्षही त्यांच्याकडे कमी वळते. ह्यावर सुलभ नोंदणी, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, सुट्टीच्या दिवशी मतदान इत्यादी उपाय सुचवून अखेर त्यांनी सक्तीच्या मतदानाचा पुरस्कार केला आहे.

सक्तीने मतदान वाढते, ह्याविषयीचा पुरावा भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात 1922 साली 60 टक्क्यांच्याही खाली असलेले प्रमाण 1924 च्या कायद्यानंतर, 1925 साली, 91 टक्क्यांवर गेले. लाइपहार्ट यांची जन्मभूमी जे नेदरलंड्स, तेथे 1967 साली सुमारे 95 टक्के मतदान झाले होते. 1970 साली सक्ती उठली आणि 1971 च्या निवडणुकीत ते 79 टक्क्यांवर आले. प्रमाणशीर प्रतिनिधित्व तेथे आधीही होते व नंतरही राहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या दोन उपायांच्या बळातील अंतर उघड होते.

ह्या युक्तिवादाचा दुबळा दुवा सक्तीच्या परिणामात नसून विषमतेच्या गृहीतात आहे. 1951–52 साली सुमारे 45 टक्के असलेले भारतातील मतदान 2024 साली सुमारे 66 टक्के झाले. योगेंद्र यादव यांनी पाहण्यांच्या आधारे 1990 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, येथे दलित व ग्रामीण मतदार सुस्थितांच्या मागे नाहीत. उलट पुष्कळदा पुढेच आहेत. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे 72 टक्के, तर दक्षिण मुंबईत सुमारे 50 टक्के मतदान झाले. अर्थात मतदारसंघाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते. दक्षिण मुंबईत मलबार हिल आहे, तशा चाळीही आहेत. तथापि दारिद्र्य व अलिप्तता यांचे समीकरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

सुट्टीच्या उपायाची कथा तर काहीशी विनोदीच आहे. भारतात 1996 पासून मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्यानेच आहे. मुंबईत 20 मे 2024 रोजी मतदान झाले तो सोमवार होता. शनिवार-रविवारला ही सुट्टी जोडली गेली. पुढे विधानसभेसाठी आयोगाने 20 नोव्हेंबरचा बुधवार मुद्दाम निवडला, तो शहरी मतदाराने गाव सोडू नये म्हणून! विश्रांतीचा दिवस हाताशी आला की मतदार केंद्राकडे वळतो, हे युरोपातील अनुमान येथे उलटे फिरले.

सक्तीचा प्रयोग गुजरातने स्थानिक संस्थांपुरता केला. 2009 साली संमत झालेल्या विधेयकास 2014 मध्ये राज्यपालांची मान्यता मिळाली आणि 2015 साली उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. विधि आयोगानेही मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात सक्तीची शिफारस करण्याचे नाकारले. हा निष्कर्ष योग्य आहे. परंतु सक्तीचा विचार ज्याच्या आधारे करावयाचा, त्या मतदारयादीचा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

1950 च्या कायद्यानुसार मतदाराचे नाव तो जेथे सामान्यतः राहतो तेथेच, आणि एकाच मतदारसंघात, नोंदविले जाते. ज्या मजुराचे नाव गावच्या यादीत आणि पोट भिवंडीच्या यंत्रमागावर, तो आकडेवारीत अनुपस्थित ठरतो. त्याला दंड केल्याने गावचे मतदानकेंद्र जवळ येत नाही. लाइपहार्ट यांच्या मांडणीत नोंदणीला महत्त्व आहे, परंतु तेथे नोंद म्हणजे नागरिकाने ओलांडावयाचा अडसर. येथे यादी शासन करते, आणि अडचण नाव नसण्याची नव्हे, तर ते दूर असण्याची आहे. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने 72 मतदारसंघांचे मतदान एकाच ठिकाणाहून नोंदवू शकणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव पुढे ठेवला, तो नेमका ह्या अडचणीवर बेतलेला होता. जानेवारी 2023 मधील बैठकीत विरोधी पक्षांनी त्यास हरकत घेतली. स्थलांतरित कोणाला म्हणावयाचे, ह्याची व्याख्याच निश्चित नाही, हा त्यांचा आक्षेप मात्र केवळ राजकीय म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नव्हता.