ओळखीच्या शब्दांची फसवणूक

जुन्या, वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा विषय निघाला की बहुधा अगदी अपरिचित आणि उच्चारायलाही अवघड असे शब्द आठवतात. परंतु असे शब्द वाचकाला फसवीत नाहीत. त्यांच्यापाशी वाचक अडतो, कोश उघडतो आणि शंका फिटते. फसवितो तो ओळखीचा शब्द. कारण त्याच्यासाठी कोश पाहावा असे मनात येतच नाही. सी. एस. लुइस यांच्या ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथाचे मोल आम्हांला याच कारणासाठी मोठे वाटते.

लुइस हे केंब्रिज विद्यापीठात मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. या ग्रंथात त्यांनी ‘नेचर’, ‘सॅड’, ‘विट’, ‘फ्री’, ‘सेन्स’, ‘सिंपल’ असे नित्याचे शब्द घेऊन एकेकाचे चरित्रच लिहिले आहे. त्यांच्या निधनानंतर १९६७ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकरणांची भर पडली. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे, की शब्दाचा आजचा रूढ अर्थ जुन्या वाक्यात जेमतेम बसला तरी वाचक पुढे सरकतो, आणि लेखकाने न म्हटलेलेच वाचून मोकळा होतो. अशा अर्थाला ते धोक्याचा अर्थ म्हणतात.

‘सॅड’ हाच शब्द पाहू. त्याचा मूळ अर्थ तृप्त, भरलेला. त्यातून जड, मग स्थिर व गंभीर, आणि शेवटी दुःखी असा त्याचा प्रवास झाला. मराठीतही ‘जड अंतःकरणाने’ निरोप घेतला जातो, त्यामुळे ही वाट आपल्याला परकी वाटू नये. शेक्सपिअरच्या ‘मच अ‍ॅडू अबाउट नथिंग’मध्ये बेनेडिक लपून मित्रांचे संभाषण ऐकतो. ते ‘सॅडली’ चालले होते, म्हणून ती थट्टा नसणार, असा निष्कर्ष तो काढतो. येथे ‘गंभीरपणे’ असा अर्थ घेतला तरच त्याची फजिती रंगते. ‘दुःखाने’ असा घेतला, तर प्रसंगातील विनोदच हरपतो.

लुइस यांच्या शब्दनिवडीबद्दल मात्र आमचा आक्षेप आहे. त्यांचे बहुतेक शब्द बुद्धी, शील आणि मनोव्यापार यांचे आहेत. चूल, रान आणि बाजार यांना तेथे फारसे स्थान नाही. वास्तविक तेथील उदाहरणे तितकीच बोलकी आहेत. ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न. म्हणूनच शुद्ध शाकाहारी मिठाईच्या दुकानावर ‘स्वीटमीट’ अशी पाटी निर्धास्तपणे झळकते. ‘डिअर’ म्हणजे एके काळी कोणताही पशू, पुढे केवळ हरिण. संस्कृतातील ‘मृग’ शब्दाचीही हीच कथा आहे; सिंहाला मृगेंद्र म्हणतात ते त्या जुन्या, व्यापक अर्थाच्या आधारावर. ‘लेट’ या शब्दाचा आजचा अर्थ मुभा देणे; पण अडथळा असा अर्थ असलेला त्याचा जुना जोडीदार भारतीय पासपोर्टावरील विनंतीत ‘हिंडरन्स’च्या शेजारी अद्याप उभा आहे. अशा शब्दांसाठी १८८४ ते १९२८ या काळात भागश: प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्डचा बृहत्कोश अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात प्रत्येक अर्थाची अवतरणे कालक्रमाने लावलेली आहेत. तथापि वाचक नेमका कोठे आणि का घसरतो, हे कोश सांगत नाही, लुइस सांगतात. म्हणून हा ग्रंथ कोशाची जागा घेत नसला, तरी कोश केव्हा उघडावा याची जाण देतो.

ही जाण आपल्या घरांनाही हवी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील एखाद्या घरातल्या जुन्या पत्रात ‘त्यास शिक्षा झाली’ असे वाक्य असेल, तर हिंदी माध्यमात शिकलेला नातू ‘तो शिकला’ असे समजून समाधानाने पुढे जाईल. ‘सर्वांनी त्याची चेष्टा केली’ या वाक्यात त्याला कोणाचा तरी प्रयत्न दिसेल. दोन्ही ठिकाणी अर्थ जेमतेम बसतो, म्हणून त्याला विचारावेसेही वाटत नाही. पत्र लिहिणारे आजोबा खुलासा करायला आता नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच अर्थाने वाचण्याची जबाबदारी आपली आहे, आणि पुढच्या पिढीला अशा शब्दांपाशी थांबण्याची सवय आपणच लावायला हवी.