हेक्टरी उपजीविका

ग्रामीण विकासाच्या कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल आज उघडला, तर पहिल्या दहा पानांत 'शाश्वत उपजीविका' हे शब्द सापडतातच. मग तो अहवाल पाणलोटाचा असो, बचतगटांचा असो की हवामानबदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा. शब्द इतके सरावाचे झाले आहेत की ते कोणी आणि कशासाठी घडवले याची चौकशी करावी असे कोणाला वाटत नाही. गेली काही वर्षे मी असे अहवाल मिळतील तेथून गोळा करून वाचतो आहे. कोणत्याही विद्यापीठाने मला हे काम दिलेले नाही. तालुक्याच्या गावी काढलेल्या झेरॉक्स प्रती आणि सरकारी संकेतस्थळे हाच माझा ग्रंथसंग्रह. या वाचनातून एक तक्रार तयार झाली, ती येथे मांडतो. विचार म्हणून ही चौकट चांगली होती, बरीच चांगली होती. प्रकल्पाच्या आराखड्यात उतरताना तिच्यातला मोलाचा भाग गळून पडला, आणि तो कोठे गळला हे अहवालाच्या प्रस्तावनेत दिसत नाही, खर्चाच्या तक्त्यात दिसते.

ही कल्पना मूळ ज्या टिपणात नीट मांडली गेली, ते रॉबर्ट चेंबर्स आणि गॉर्डन कॉन्वे यांचे टिपण १९९२ साली इंग्लंडच्या ससेक्स येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज'ने काढले. गरीब माणूस एका धंद्यावर जगत नाही, तो दहा ठिकाणी हात घालून वर्ष काढतो, हे त्यांनी पाहिले. तोवरचे प्रकल्प पिकाचे असत, जनावरांचे असत, पाण्याचे असत. घर म्हणजे संसार हे त्यात कोठेच नसे. चेंबर्स-कॉन्वे यांनी घराजवळ काय काय असते याची मोजणी केली. त्यात साठवण आणि साधने होती, आणि त्याच पंक्तीला आणखी दोन गोष्टी होत्या. अडीनडीला कोणाकडे हक्काने मागता येते, ही एक. आणि कोणत्या गोष्टीपर्यंत आपला हात पोहोचू शकतो, ही दुसरी. शाश्वत कशाला म्हणायचे याच्या अटींतही एक वेगळी अट होती. माझ्या पोटापाण्याचा उद्योग दुसऱ्यांच्या पोटाला उणे करणारा नसावा, भर घालणारा असावा.

पुढे १९९७ साली ब्रिटनमध्ये नवे सरकार आले आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने, म्हणजे डीएफआयडीने, ही कल्पना धोरण म्हणून उचलली. १९९८ मध्ये इयान स्कून्स यांचे टिपण आले आणि १९९९ पासून खात्याची मार्गदर्शक पत्रके निघू लागली. त्यांतून ती प्रसिद्ध पंचकोनी आकृती जगभर गेली. मानवी, नैसर्गिक, आर्थिक, भौतिक आणि सामाजिक, अशी पाच भांडवले. भारतातही आंध्र प्रदेशात याच खात्याच्या पैशातून अनंतपूर, कर्नूलसारख्या दुष्काळी जिल्ह्यांत ग्रामीण उपजीविका प्रकल्प झाला. तेव्हापासून 'उपजीविका' हा सरकारी शब्द झाला. २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान सुरू झाले आणि महाराष्ट्रात त्याला 'उमेद' हे नाव मिळाले.

पंचकोन काढायला सोपा आहे. गावसभेत खडूने काढता येतो, अहवालात रंगीत छापता येतो, प्रकल्पाआधीचा आणि नंतरचा असे दोन पंचकोन एकमेकांवर ठेवून प्रगतीही दाखवता येते. पण 'हक्काने मागणे' या पंचकोनाच्या कोणत्या कोपऱ्यात बसवायचे? ते 'सामाजिक भांडवल' या कोपऱ्यात ढकलले गेले, आणि तेथे त्याचे माप झाले बचतगटांची संख्या. आमच्याकडे इर्जिक होती, सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ट्रॅक्टर आल्यावर ती बहुतेक ठिकाणी मोडली. ती मोडली याची नोंद मी वाचलेल्या एकाही आराखड्यात नाही. गट किती स्थापन झाले याची मात्र प्रत्येकात आहे. ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून घेतलेली उचलही अशीच. हंगामापूर्वी हातात येणारी ती रोकड आर्थिक भांडवल म्हणायची, की पुढचे सहा महिने बांधून टाकणारे कर्ज? घरासाठी ती एकाच वेळी दोन्ही असते. भांडवलाच्या हिशेबाला हे जमत नाही, कारण त्या हिशेबात प्रत्येक गोष्ट कोणाची तरी मालमत्ता असते आणि दोन माणसांमधल्या व्यवहाराला रकाना नसतो.

हे सगळे इंग्लंडातून येण्याची वाट आपल्याला पाहावी लागली, याचे मला नवल वाटते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेला 'शेतकऱ्याचा असूड' उपजीविकेचा अभ्यास म्हणून कोणी वाचत नाही. त्यात एक स्पष्ट निरीक्षण आहे. ज्यांचे जमिनीवर भागत नसे ती कुटुंबे रानातली पानेफुले, फळे, लाकूडफाटा विकून आणि माळावर दोन-चार जनावरे, शेळ्या राखून वर्ष काढत. जंगल खात्याने माळराने ताब्यात घेतली आणि हा आधार गेला. म्हणजे घराचे अनेक हात, सामाईक जमिनीपर्यंतची पोहोच, आणि ती तोडणारी सत्ता, तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात. याच पुस्तकात पुढे, पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचनाही आहे. शंभर वर्षांनी आपण पाणलोटाचे प्रकल्प उभारले तेव्हा बंधारे घेतले. शेळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला.

पाणलोट विकासाच्या नियमांकडेच जरा थांबून पाहू, कारण महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात सर्वांत जास्त पैसा याच वाटेने आला. केंद्र सरकारने २००८ साली सर्व पाणलोट प्रकल्पांसाठी समान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रथमच साधनहीन व्यक्तींच्या उपजीविकेसाठी वेगळा निधी ठेवला गेला. ही सुधारणा होती, आणि ती करणाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण हिशेब पाहा. सपाट प्रदेशात हेक्टरी १२,००० रुपये असा दर होता. पाच हजार हेक्टरांचा प्रकल्प म्हणजे सहा कोटी. त्यातले ५० टक्के, म्हणजे तीन कोटी, मृद व जलसंधारणाच्या कामांना. १३ टक्के उत्पादन पद्धती आणि लघुउद्योगांना. १० टक्के, म्हणजे साठ लाख, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना. तीन वर्षांनी या सूचनांत दुरुस्ती झाली तेव्हा कामांचा वाटा ५६ टक्क्यांवर गेला, साधनहीनांचा ९ वर आला आणि उत्पादन पद्धतीचा १० वर.

टक्क्यांपेक्षा मला त्याआधीचा शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'हेक्टरी'. ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याचा निधीसुद्धा हेक्टरवर मोजला आहे. समजा दोन गावे आहेत, दोन्हींत भूमिहीन कुटुंबे दोनशे. एकाचे क्षेत्र ५०० हेक्टर, दुसऱ्याचे १,५००. पहिल्या गावात १० टक्क्यांनी सहा लाख रुपये येतात, कुटुंबामागे तीन हजार. दुसऱ्यात अठरा लाख, कुटुंबामागे नऊ हजार. जेथे जमीन थोडी आणि पोटे जास्त, तेथे मदत कमी. उपजीविकेची चौकट माणसापासून सुरू होते असे प्रस्तावनेत लिहायचे आणि तक्ता सातबाऱ्यापासून सुरू करायचा, हा विरोध अहवाल लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नसेल असे नाही. तो बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

आता शेळी. पाणलोटात माथ्यावरच्या गायरानात चर खणतात, झाडे लावतात आणि काही वर्षे चराईबंदी करतात. राळेगणसिद्धीपासून आदर्श गाव योजनेपर्यंत चराईबंदी हे एक सूत्रच मानले गेले. माती धरून ठेवायची तर ते आवश्यकही आहे. पण त्याची किंमत कोण देतो? पायथ्याच्या विहिरीला पाणी वाढते ते विहीर असणाऱ्याचे. माथ्यावरचा चारा जातो तो शेळी-मेंढीवाल्याचा. जॉन केर, गणेश पांगारे आणि वसुधा पांगारे यांचा महाराष्ट्र व आंध्रातील पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लाभ आणि भार वेगवेगळ्या माणसांवर पडतात, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते. मी वाचलेल्या आराखड्यांत याचा एक विचित्र शेवट दिसतो. नैसर्गिक साधनांच्या प्रकरणात चराईबंदी असते, आणि वीसेक पानांनंतर भूमिहीनांच्या प्रकरणात 'बंदिस्त शेळीपालन' असते. एका हाताने शेळी विकायला लावायची, दुसऱ्या हाताने कर्जाऊ शेळी द्यायची, आणि चारा विकत आणायला सांगायचे.

धनगरांचे तर आराखड्यात नावही नसते, कारण पाहणीच्या दिवशी ते गावात नसतात. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. चेंबर्स-कॉन्वे यांची ती विसरलेली अट, दुसऱ्याच्या उपजीविकेत भर घालण्याची, शब्दशः पाळणारा हा धंदा आहे. त्याचे उत्पन्न एका गावात मोजता येत नाही, म्हणून ते मोजलेच जात नाही.

स्थलांतराबद्दल प्रकल्पांची समजूत एकूणच ढोबळ आहे. स्कून्स यांच्या १९९८ च्या मांडणीत स्थलांतर हा घराने निवडलेला एक मार्ग म्हणून, शेती वाढवणे आणि अनेक उद्योग धरणे यांच्या शेजारी बसवला होता. आपल्या अहवालांत तो रोग असतो, आणि 'स्थलांतर थांबले' ही यशाची खूण. बीडच्या कोयत्याला ही भाषा लागू पडेलही. त्या कामाची शरीराला काय किंमत पडते हे २०१९ साली तेथील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली तेव्हा सर्वांसमोर आले. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि घाटावरची किती घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर उभी राहिली! १९८२ चा गिरणीसंप आणि त्यानंतरची गिरण्यांची पडझड हा त्या गावांच्या उपजीविकेवरचा घाव होता, आणि तो परळ-लालबागला बसला होता. पाणलोटाची हद्द माथ्यापासून नाल्याच्या तोंडापर्यंत असते. संसाराची हद्द तशी आखता येत नाही.

शिवाय पाहणी कधी होते? बहुधा पावसाळा संपल्यावर, वाटा कोरड्या झाल्यावर. नेमके तेव्हा ऊसतोडीची घरे कुलूपबंद असतात. गावात उरलेले बागायतदार, दुकानदार आणि म्हातारी माणसे खडूने गावाचा नकाशा काढतात आणि त्याला लोकसहभाग म्हणतात. हीच पाहणी एकदा आषाढात आणि एकदा माघात केली, तर एकाच गावाचे दोन वेगळे अहवाल तयार होतील. खर्च वाढेल, पण सहा कोटींच्या प्रकल्पात तो फार नाही.

याहून वेगळे काही होऊ शकते का? झालेले आहे, आणि पंचकोन जन्मण्याच्या बरेच आधी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा धरण बांधताना मुक्तिसंघर्ष चळवळीनेही समन्यायी पाणीवाटपाचेच तत्त्व धरले. नायगावच्या पद्धतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, आणि उसाच्या पैशापुढे नियम राखणे किती अवघड असते हे पश्चिम महाराष्ट्राला सांगायला नको. पण या नियमांत मागण्याचा हक्क आहे, पोहोच आहे, दुसऱ्याच्या वाट्याची मर्यादाही आहे. १९९२ च्या टिपणातून प्रकल्पांनी जे गाळले ते येथे आधीच कृतीत होते. रोजगार हमीचा १९७७ चा कायदाही त्याच कुळातला: काम मागणे हा त्याने हक्क केला. त्याच महाराष्ट्रात जलयुक्त शिवारच्या काळात नाल्यांची खोदाई मोठ्या प्रमाणावर जेसीबीने झाली, आणि पाणी अडवताना पूर्वी जी मजुरी गावात राहत असे ती डिझेलमध्ये गेली.

स्कून्स यांनी स्वतःही पुढे ही उणीव मान्य केली. २०१५ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी हेन्री बर्नस्टाइन यांचे प्रश्न पुढे आणले. कोणाचे काय आहे, कोण काय करतो, कोणाला काय मिळते, आणि मिळालेल्याचे तो काय करतो. हे चार प्रश्न कोणत्याही ग्रामसेवकाला समजतील. गायरानाच्या एका गटनंबरासाठी, एका बंधाऱ्यासाठी त्यांची उत्तरे लिहायला दोन पाने पुरतील. त्यांत एक पान 'या कामाने कोणाचे काय जाईल' याचे असावे, आणि ते भरल्याशिवाय आराखडा मंजूर होऊ नये. भरपाई द्यायची तर ती चराई जाण्यापूर्वी द्यावी. अडवलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा ठरवावा, जो तो स्वतः वापरील, वाट्याने देईल किंवा विकेल. असे कलम लिहिणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण अशी की त्यावर ग्रामसभेत भांडण होईल, आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात भांडणासाठी महिना राखून ठेवलेला नसतो.

पाणलोटाच्या नव्या सूचना २०२१ साली आल्या. त्यांत उपजीविकेवरचा भर वाढल्याचे म्हटले आहे, आणि खर्चाचा दरही वाढला आहे: सपाट प्रदेशात २२,००० रुपये, डोंगराळ व अवघड प्रदेशात २८,०००. हेक्टरी.