‘ऐक’ नावाची गाडी

इंगोलश्टाटमध्ये रेल्वेची तीन स्टेशनं आहेत. एक मुख्य, एक उत्तर आणि तिसरं ‘आउडी’. हे तिसरं डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालं, कारखान्याच्या अगदी दाराशी. चिंचवड आणि आकुर्डीच्या मध्ये लोकल थांबावी आणि पाटीवर ‘बजाज’ लिहिलेलं असावं, तसं. गावातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पहिली दोन अक्षरं ‘आय-एन’ असतात. ती इंगोलश्टाटची, पण भारतातून आलेले आम्ही सगळे पहिल्याच आठवड्यात तिचा फोटो काढून घरी पाठवतो.

दोन वर्षांपूर्वी मी इथे एक सेकंडहँड ऑडी घेतली. (इथे उच्चार ‘आउडी’ असा करतात. मी आपलं ऑडीच लिहिते.) आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, परवडतंय का तुला?” बाबा मागून म्हणाले, “फोटो पाठव.” संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या मावश्या-काकूंच्या फोनवर पोचला होता. गाडी आठ वर्षं वापरलेली आहे आणि माझी नोकरी दोन-दोन वर्षांच्या करारावरची आहे, हे त्या फोटोत दिसत नव्हतं.

या गावात ऑडी ही श्रीमंतीची खूण नाही, हे घरी समजावणं मला अजून जमलेलं नाही. कारखान्यातल्या लोकांना कंपनीच्या गाड्या सवलतीत लीजवर मिळतात. ठरावीक काळ वापरायची, परत करायची, पुढची घ्यायची. परत आलेल्या गाड्या ‘वर्षभराची गाडी’ म्हणून बाजारात विकल्या जातात. त्यामुळे अगदी साध्या वस्तीतल्या इमारतीखालीही चार कड्यांची नवीकोरी गाडी उभी असते. तिचा अर्थ एवढाच, की घरातलं कुणीतरी ‘तिथे’ आहे. चिंचवडमध्ये आम्ही ‘टेल्कोत आहेत’ म्हणायचो, तसंच. इथे ऑडी माणसाची पत सांगत नाही, पत्ता सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा आले, तेव्हा बाबांना म्युनिकच्या राजवाड्यापेक्षा कंपनीचं संग्रहालय बघायचं होतं. ते तीस वर्षं फोर्जिंगच्या कारखान्यात होते. तुम्हीही इकडे आलात तर पाहुणे हेच मागतील, म्हणून त्या संग्रहालयाबद्दल, आणि ते जी गोष्ट सांगतं तिच्याबद्दल, थोडं सविस्तर लिहिते.

‘म्युझियम मोबाइल’ डिसेंबर २००० मध्ये उघडलं. गुंटर हेन या वास्तुकाराने बांधलेली काचेची गोल इमारत, आत सुमारे पन्नास मोटारी आणि तीसेक मोटरसायकली. जुन्या जर्मन कचेऱ्यांमध्ये दार नसलेली, न थांबता फिरत राहणारी लिफ्ट असायची, पाटरनॉस्टर नावाची. इथे तशीच एक महाकाय पाटरनॉस्टर आहे आणि तिच्यातून माणसांऐवजी चौदा गाड्या मजल्यांमधून वरखाली फिरत असतात. बघायला फार सुंदर. आई दहा मिनिटं तिथून हलली नाही.

गोष्टही सुंदर आहे. आउगुस्ट होर्श या अभियंत्याने १८९९मध्ये कोलोनला स्वतःच्या नावाने कंपनी काढली, ती पुढे सॅक्सनीतल्या त्स्विकाऊला नेली. १९०९मध्ये संचालकांशी भांडण होऊन तो बाहेर पडला आणि त्याच गावात त्याने दुसरी कंपनी काढली. पण ‘होर्श’ हे नाव आता जुन्या कंपनीच्या मालकीचं होतं. कोर्टात तो हरला. स्वतःच्या आडनावावर त्याचा हक्क उरला नाही. नव्या नावासाठी बैठक बसली असताना एका भागीदाराचा शाळकरी मुलगा बाजूला लॅटिनचा अभ्यास करत होता. ‘होर्श’ म्हणजे जर्मनमध्ये ‘ऐक’. मग लॅटिनमध्ये ‘ऐक’ला काय म्हणतात? ‘आउडी’! १९१०मध्ये कंपनीचं नाव बदललं.

ही दंतकथा संग्रहालयातच नव्हे, गावातला प्रत्येकजण सांगतो. पण ती सांगताना एक गोष्ट निसटते. आउगुस्ट होर्शची एकही मोटार इंगोलश्टाटमध्ये बनली नाही. सगळं तिकडे, अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या आसपास ईशान्येला, सॅक्सनीत. चार कड्यासुद्धा तिकडच्याच. मंदीत कर्जं बुडायला आली तेव्हा सॅक्सनीच्या सरकारी बँकेच्या पुढाकाराने १९३२मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वाँडरर या चार कंपन्यांची एक मोट बांधली गेली. तिचं नाव ऑटो युनियन, मुख्यालय केम्नित्स. आज जी कडी आपण प्रतिष्ठेची खूण म्हणून बघतो, ती मुळात एका बँकेने थकबाकी वाचवण्यासाठी जुळवलेली आहे. चौघींत होर्श ही खरी आलिशान, डीकेडब्ल्यू सर्वसामान्यांची. ऑडीची जागा मधली.

१९४५मध्ये सॅक्सनी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेलं. कारखाने गेले, कंपनी गेली. तिथून निघून आलेल्या काही अधिकाऱ्यांनी इंगोलश्टाटमध्ये, लष्कराच्या रिकाम्या इमारतींमध्ये, आधी सुट्या भागांचं भांडार उघडलं आणि सप्टेंबर १९४९मध्ये नवी ऑटो युनियन. सुरुवातीला बनवली एक छोटी मालवाहू डीकेडब्ल्यू आणि १२५ सीसीची मोटरसायकल. (यामाहाची पहिली मोटरसायकल याच १२५च्या नमुन्यावर बेतलेली होती, हे आरएक्स-१००च्या चाहत्यांसाठी.) ‘ऑडी’ हे नाव तेव्हा कुठेच नव्हतं. पंचवीस वर्षं ते बासनात होतं. १९६५मध्ये फोक्सवागनच्या छत्राखाली चार स्ट्रोकचं इंजिन आलं. टू-स्ट्रोकच्या धुराची आठवण करून देणारं डीकेडब्ल्यू हे नाव तिला नको होतं, म्हणून जुन्या पेटीतून ‘ऑडी’ बाहेर काढलं.

आलिशानपणा तर त्याच्याही नंतरचा. फोक्सवागनच्या हाइनरिश नोर्डहोफने इंगोलश्टाटला नवीन गाडी बनवायला मनाई केली होती. इथे बीटल जोडल्या जात होत्या. लुडविग क्राउसने चोरून ऑडी १०० आखली, नोर्डहोफला ती आवडली आणि १९६८मध्ये ती बाजारात आली. १९७१मध्ये ‘तंत्रज्ञानातून आघाडी’ या अर्थाचं घोषवाक्य आलं, १९८०मध्ये चारही चाकांना ताकद देणारी क्वात्रो. १९८२ची ऑडी १०० हवा इतकी सहज कापायची, की तिच्या ०.३० या वायुरोध गुणांकाची जाहिरात व्हायची. आपल्यापैकी चाळिशीपुढच्या सगळ्यांनी ती बघितली आहे. मार्च १९८५मध्ये मेलबर्नच्या मैदानात रवी शास्त्रीच्या गाडीवर अख्खा भारतीय संघ चढला होता, ती हीच ऑडी १००. बाबांसाठी ‘ऑडी’ तिथून सुरू होते. जर्मनीत जी गाडी मधल्या वर्गातून वर चढायची धडपड करत होती, ती आपल्याकडे एका रात्रीत शिखरावर जाऊन बसली.

इथवर संग्रहालय उत्तम. नाव हरवलेला संस्थापक, गाव हरवलेली कंपनी, परक्या गावात शून्यापासून सुरुवात. आपल्यासारख्या देशाबाहेर राहणाऱ्यांना ही गोष्ट लगेच भावते. मलाही भावली. अडचण पुढे आली. तिसाव्या दशकातल्या एका लांबलचक होर्शपुढे बाबा बराच वेळ उभे होते. पत्र्याचा वळसा बघत म्हणाले, “हे हाताने ठोकलंय. कोण होते गं हे लोक?”

मला उत्तर माहीत होतं, पण ते त्या सभागृहातून मिळालेलं नव्हतं. २०१४मध्ये मार्टिन कुकोव्स्की आणि रुडोल्फ बोख या इतिहासकारांचा ऑटो युनियनच्या युद्धकाळावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो कंपनीनेच करवून घेतला होता आणि त्याबद्दल तिला श्रेय द्यायलाच हवं. त्यानुसार ऑटो युनियनसाठी खास उभारलेल्या सात छळछावण्यांमध्ये ३,७०० हून अधिक कैदी राबत होते. त्याखेरीज सुमारे १६,५०० वेठबिगार कामगार त्स्विकाऊ आणि केम्नित्सच्या कारखान्यांत होते. बोहेमियातल्या लाइटमेरित्सच्या छावणीत जमिनीखाली रणगाड्यांच्या इंजिनांचा कारखाना उभारताना सुमारे ४,५०० माणसं मेली. त्यांच्या मृत्यूची नैतिक जबाबदारी कंपनीवर येते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्या काळात कंपनीचा प्रमुख होता रिचर्ड ब्रून. आणि युद्धानंतर इंगोलश्टाटच्या नव्या कंपनीचा प्रमुख कोण? तोच रिचर्ड ब्रून.

म्हणजे जी ‘शून्यापासून सुरुवात’ आपल्याला भावते, ती शून्यापासून नव्हती. यंत्रं मागे राहिली, कारखाने मागे राहिले, पण वरची माणसं आली, नाव आलं, पेटंटं आणि ओळखी आल्या. हिशेब तेवढा मागे राहिला.

संग्रहालयाने हे लपवलं, असा माझा आरोप नाही. माझा आक्षेप मांडणीच्या पद्धतीला आहे. जिथे गाडीच नायक असते, तिथे बनवणाऱ्याला जागा उरते ती बाजूच्या फलकावर. गाडीवर दिवे असतात, फलक वाचायला वाकावं लागतं. आणि तो जाडजूड अभ्यास ग्रंथालयात, जर्मनमध्ये. कंपनीच्या दोन्ही गोष्टी कंपनीनेच सांगितल्या आहेत, पण एक काचेच्या महालात आणि दुसरी कपाटात. पाटरनॉस्टरमध्ये फिरणाऱ्या गाड्या तर जमिनीलाही लागत नाहीत. त्या कुठे बनल्या, कुणी बनवल्या, हा प्रश्न पडायला बाबांसारखा, पत्रा ठोकणाऱ्यांत आयुष्य घालवलेला माणूस लागतो.

जुनं उगाळायची हौस म्हणून मी हे लिहीत नाही. न ऐकण्याची सवय महाग पडते. डिझेल इंजिनांतल्या उत्सर्जन-घोटाळ्यासाठी ऑडीला २०१८मध्ये ८० कोटी युरो दंड झाला आणि जून २०२३मध्ये म्युनिकच्या कोर्टाने माजी प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना एक वर्ष नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि ११ लाख युरो भरण्याचा आदेश दिला. ‘तंत्रज्ञानातून आघाडी’ म्हणणाऱ्यांनी प्रदूषण मोजणाऱ्या तंत्रालाच फसवलं. आता मार्च २०२५मध्ये कंपनीने जाहीर केलं आहे, की २०२९ सालापर्यंत जर्मनीतल्या ७,५०० पर्यंत जागा कमी होतील. माझ्या इमारतीखालच्या गाड्यांपैकी किती पुढच्या वर्षी बदलल्या जातील, हा इथे गप्पांचा विषय नाही, काळजीचा आहे.

यात आपलाही एक धागा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ऑडी बऱ्याच वर्षांपासून शेंद्र्याला, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या स्कोडाच्या कारखान्यात जोडल्या जातात. त्याच शहरात ऑक्टोबर २०१०मध्ये दीडशे मर्सिडीज एकदम विकत घेतल्या गेल्या होत्या आणि देशभर बातमी झाली होती. विकत घेणाऱ्यांची बातमी झाली. जवळच दुसरी जर्मन गाडी जोडणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांची झाली नाही. म्हणजे काचेचा महाल नसतानाही आपण गोष्ट तशीच सांगतो. पेढे वाटणारा दिसतो, चाकाखाली ठेवलेलं लिंबू दिसतं. पाने घेऊन उभा असलेला दिसत नाही.

मग गाडी वाईट आहे का? अजिबात नाही. माझी पेट्रोलवरची आहे, दर दोन वर्षांनी तपासणीला न्यायची, हिवाळ्यात टायर बदलायचे, बस्स. बर्फात ती रस्ता सोडत नाही. दार लागताना जो आवाज येतो, तो ऐकून बाबांनी मान डोलावली. घ्यायची असेल तर जरूर घ्या.

फक्त तिच्याबरोबर मिळणारा कागद एकदा नीट वाचा. जर्मनीत गाडीच्या नोंदणीपत्रावर एक ओळ छापलेली असते. तिचा अर्थ असा, की हे पत्र ज्याच्या नावावर आहे, तो गाडीचा मालक आहे असं यातून सिद्ध होत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाबरले होते, वाटलं काहीतरी फसवणूक झाली. तसं काही नव्हतं. कायदा धारक आणि मालक वेगळे मानतो, एवढंच. लीजवर गाडी चालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

हीच ओळ त्या संग्रहालयाच्या दारावर लावायला हरकत नाही. इंगोलश्टाटकडे या इतिहासाची कागदपत्रं आहेत, गाड्या आहेत, नाव आहे. पण तो इतिहास त्स्विकाऊ-केम्नित्सच्या कामगारांचाही आहे, लाइटमेरित्सच्या मेलेल्यांचाही आहे आणि थोडासा शेंद्र्याचाही. कंपनी त्याची धारक आहे. एकटी मालक नाही.

बाहेर पडताना मी बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, स्टेशनवर, गाडीची वाट बघताना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ‘आउडी’ लिहिलेल्या पाटीकडे बघत विचारलं, “आणि याचा अर्थ ‘ऐक’ होतो म्हणालीस ना?”