तांब्यावरचे पुरातन

प्रबोधनकाळातील मुद्राचित्रांविषयी लिहिताना ‘ग्रीक-रोमन विषयांचे पुनरुज्जीवन’ हा शब्दप्रयोग फार सहजपणे केला जातो. जणू पुरातन मूर्ती जमिनीतून वर आल्या आणि कलावंतांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या. प्रत्यक्ष रेषा पाहू लागले की ही समजूत टिकत नाही.

आंद्रेआ मान्तेन्याचे ‘सागरदेवतांचे युद्ध’ हे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोरीव चित्र दोन ताम्रफलकांवर विभागलेले आहे. रचना रोमन शिल्पपट्टाची: आकृती पुढच्या कडेला दाटलेल्या, छाया तिरप्या समांतर रेषांची. शरीरे दगडी वाटतात. पण डावीकडे एक कृश वृद्धा हाती पाटी धरून ओरडते आहे, पाटीवर लॅटिनमध्ये ‘असूया’ असे सूचित केले आहे आणि नेपच्यूनचा पुतळा पाठ फिरवून उभा आहे. हे वैर पुराणातले कमी आणि कलावंतांच्या आपसातले अधिक वाटते.

१४९४ मध्ये न्यूरेंबर्गच्या तरुण आल्ब्रेख्त ड्यूररने या चित्राच्या उजव्या भागाची लेखणीने नक्कल केली. बाह्यरेषा मान्तेन्याच्याच ठेवल्या. छायारेषा मात्र बदलल्या. सरळ तिरप्या रेषांच्या जागी स्नायूंच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या रेषा आल्या आणि दगडाचे मांस झाले. ड्यूररला पुरातन भेटले ते असे, संगमरवरातून नव्हे, दुसऱ्याच्या कागदावरून. या ‘दुय्यम’ परिचयाला उणीव मानणाऱ्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

त्याच वर्षीच्या त्याच्या ‘ऑर्फियसचा मृत्यू’ या रेखाटनावर आबी वार्बुर्गने १९०५ मध्ये लिहिले. पुरातन म्हणजे केवळ शांत भव्यता नव्हे, तर आवेगाचे हावभावही, हे त्याचे प्रतिपादन आजही मोलाचे आहे. तथापि, माझ्या मते तो हावभावापाशी थांबतो. कोरणीच्या रेषेने त्या हावभावाचे काय केले, हा प्रश्न मागे राहतो.

१५०४ च्या ‘आदम आणि ईव्ह’मध्ये तर विषयच बायबलमधला आहे. आदमाची उभे राहण्याची ढब मात्र अपोलो बेल्व्हेडिअरची. त्याने धरलेल्या फांदीला टांगलेल्या पाटीवर ड्यूररची लॅटिन स्वाक्षरी आहे. तिच्यातील क्रियापद ‘केले’ असे नव्हे, ‘करीत होता’ असे. जुने ग्रीक श्रेष्ठ कलावंत याच अपूर्ण काळात सही करीत, असे प्लिनीने नोंदवले आहे. ठशात ही अक्षरे सुलट उमटावीत म्हणून ड्यूररला ती तांब्यावर उलटी कोरावी लागली.