महाबळेश्वरचे चिनी कैदी : गॅझेटियरमधील नोंद आणि अलिखित लोकजीवन

प्रस्तावना :
एखाद्या गावाचा इतिहास लिहिताना तेथे बाहेरून आलेल्या समाजाला कोणते स्थान दिले जाते, यावरून त्या इतिहासलेखनाची दृष्टी कळते. महाबळेश्वर हे याचे बोलके उदाहरण होय. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८२९ मध्ये हे ठाणे सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून कंपनी सरकारकडे आले व माल्कमपेठ वसली. पुढे पिनांग, मलाक्का, सिंगापूर या वसाहतींतून हद्दपार केलेले चिनी व मलायी कैदी येथील तुरुंगात ठेवण्यात आले. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला.

नोंदीचे स्वरूप :
१८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटियरमध्ये या कैद्यांचा उल्लेख आढळतो. त्यांनी रस्त्यांची कामे केली, बटाटा व विलायती भाज्यांचे मळे पिकविले, ही माहिती त्यामुळेच टिकली. हे या ग्रंथाचे श्रेय मान्य करावयास हवे. तथापि, हा उल्लेख येतो तो ठाण्याच्या सुखसोयींच्या ओघात. कैद्यांचे श्रम नोंदीत आहेत. त्यांची भाषा, सणवार, आजारपण व मृत्यू मात्र नाहीत. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तुरुंग बंद होऊन अवघी २१ वर्षे लोटली होती. तो काळ पाहिलेली माणसे हयात असणार. परंतु त्यांना विचारावे, ही गरज प्रशासकीय लेखनाला भासली नाही.

तुलना :
कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. शाळा, चर्च, घरगुती जीवन यांच्या आठवणी त्यांनी स्वतः लिहिल्या, छायाचित्रे जपली. साहजिकच त्यांचा इतिहास नावानिशी उपलब्ध आहे. दोहोंतील भेद केवळ काळाचा नाही. निर्वासिताला आपली कथा सांगता आली. कैद्याविषयी फक्त सरकार बोलले.

समारोप :
आज ‘चायनामन’ धबधब्याच्या नावात ही स्मृती उरली आहे. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर येथील शेतीच्या परंपरेविषयी पुष्कळ बोलले जाते. मात्र तिच्या पूर्वपीठिकेतील या परक्या हातांचा विचार क्वचितच होतो. अर्थात, प्रत्येक पिकाचे श्रेय त्यांना देऊन दंतकथा रचणे हाही उपाय नव्हे. तुरुंगविषयक दप्तर, स्थळनामे आणि स्थानिक कुटुंबांतील मौखिक परंपरा यांचा एकत्रित व चिकित्सक अभ्यास झाला, तरच या माणसांचे दैनंदिन जीवन काही अंशी उभे राहील. ज्यांनी मळे पिकविले त्यांना माणूस म्हणून नोंदविणे, हे स्थानिक इतिहासाचे अपुरे राहिलेले कर्तव्य आहे.